धूळ ओढणारा पंखा

आई, काल आपल्या चटणी कुटायच्या डंकावर धूळ ओढणारा पंखा बसवला. मुसळांच्या डोक्यावर पत्र्याचं मोठं नसराळं, त्यातून निघालेला पाईप भिंतीतून बाहेर, आणि बाहेर टोकाला कापडाची लांबलचक पिशवी. बटण दाबलं आणि उखळातनं उडालेली मिरचीची तांबडी धूळ सरळ वर गेली, कुणाच्या नाकाकडं तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. आता डंकावर दोघी बायका कामाला असतात. त्यातली थोरली म्हणाली, "आवं ताई, शिंक बी आली न्हाई की!" आणि दोघी हसायला लागल्या. मी मागच्या दारी जाऊन रडले. आत आल्यावर दोघींनी विचारलं, डोळं का लाल झालं? मी म्हटलं, तिखट गेलं. पंखा सुरू असताना! खोटं बोलायलासुद्धा अक्कल लागते गं. तुला जाऊन नऊ वर्षं झाली. हा पंखा तुझ्यासाठी यायला हवा होता आणि तो मी आणला नाही, एवढंच मला तुला लिहायचं आहे. एवढंच म्हणते खरी, पण त्यासाठी जरा मागून यावं लागेल.

आपला डंक तेव्हा कसा चालायचा ते तुला काय सांगायचं, तूच तो चालवायचीस. चैत्र लागला की आटपाडीतल्या आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका वर्षाची चटणी कुटायला यायच्या. देठं खुडून उन्हात कडक केलेली मिरची, धणे, तीळ, खोबरं, खडा मसाला, सोललेला लसूण, सगळं वेगवेगळ्या डब्यांत. आणि रीत अशी, की जिची चटणी तिनंच उखळापाशी बसायचं. मुसळ वर गेलं की उलथन्यानं मिरची आत सारायची, खाली यायच्या आत हात मागं. चाळायचंही तिनंच. एकीला ठसका लागला की ती पदर नाकाला लावून बाहेर लिंबाखाली जायची आणि वाट बघत बसलेली दुसरी तिच्या जागी येऊन बसायची, ओळख असो नसो. तू दारात बसून मोटर, पट्टा आणि बायकांची तोंडं, तिन्हींवर नजर ठेवायचीस. "हात मागं घे गं भवाने, बोटांची चटणी कुटतीस व्हय!" तुझा आवाज पार एसटी स्टँडपर्यंत जायचा. मला मात्र ती रीत अडाणी वाटायची. एका डब्यासाठी बायकांनी अख्खा दिवस काढायचा, सासवांच्या चुगल्या करायच्या आणि शिंकायचं. ती धूळ पन्नास जणींत वाटली जात होती आणि एकेकीच्या छातीत थोडीथोडीच जात होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. तुझ्या आलं असेल. तू बोलली नाहीस.

मी सासर सोडून परत आले, तो दिवस आठवतो. मी बॅग घेऊन उंबऱ्यात उभी आहे आणि तू भाकरी थापते आहेस. तू मान वर करून बघतेस, तव्यावरची भाकरी उलटतेस आणि म्हणतेस, "हातपाय धू. गरम हाय तवर खा." झालं. काय झालं, का आलीस, परत कवा जाणार, काही नाही. तिसऱ्या दिवशी डंकाची किल्ली माझ्यापुढं ठेवलीस. "आता तूच बघ. मला त्या मोटरीचं काय कळत न्हाई." बारा वर्षं ती मोटर तूच सांभाळत होतीस आणि म्हणे काय कळत नाही! एवढं मोठं देणं कुणी इतकं हळू आवाजात देत नाही, आई. माझ्याकडं सांगलीचा डिप्लोमा होता आणि डोक्यात राग होता. गावानं बोटं दाखवली होती. त्या गावाला मला दाखवायचं होतं, की बघा, ही टाकलेली बाई नाही.

म्हणून मी पहिल्याच उन्हाळ्यात मोबाईल आणला. डबे ठेवायचे, नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि घरी जायचं. चटणी झाली की व्हॉट्सअॅपवर निरोप. ते चांगलंच होतं, आजही मी ते चुकलं असं म्हणणार नाही. पोटुशी बाई, रानात गडी लावलेली बाई, म्हाताऱ्या सासूला एकटं ठेवून येणारी बाई, सगळ्यांची सोय झाली. आणि तुला तर त्या मोबाईलचं काय वेड लागलं! लिहिता येत नव्हतं म्हणून तू बोलूनच निरोप धाडायचीस. "झाली गं तुझी चटणी. डबा मोठा आण, गेल्या साली सांडत गेलीस." बायका तो निरोप घरात सगळ्यांना ऐकवायच्या आणि हसायच्या. गिऱ्हाईक दुप्पट झालं. मी हवेत होते. पण उखळापाशी आता कोण बसतंय, हे मी विचारलंच नाही. तूच बसत होतीस. सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत, प्रत्येकीची चटणी तू सारत होतीस आणि तूच चाळत होतीस. मी बाहेर टेबलावर नंबर देत होते आणि निरोप पाठवत होते. मायलेकींनी काम वाटून घेतलंय असं लोक म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं.

दिवाळीनंतर आपण नवी मोटर बघायला सांगलीला गेलो. मोटरवाल्यानं एका हळदीच्या गिरणीत चालू मोटर दाखवायला नेलं. मी मोटरीकडं बघत होते आणि तू वर बघत होतीस. तिथं दळणाच्या तोंडावर असलंच नसराळं होतं. तू हात उंच करून त्याच्याखाली धरलास, वाऱ्याची ओढ तळव्याला लागते का ते बघायला. मग तिथल्या कामगाराच्या चेहऱ्याकडं बघितलंस. हळदीच्या गिरणीत उभा असून त्याच्या भुवया काळ्याच होत्या. परत येताना विट्याच्या स्टँडवर उसाचा रस पिताना तू म्हणालीस, "बाय, त्यो पंखा आपल्याला बसवाय येईल का गं? लय वढ हाय त्याला." मी म्हटलं, बघू. तू म्हणालीस, "व्हय, बघ. घाई न्हाई." आणि उरलेला अर्धा रस माझ्या ग्लासात ओतलास.

बघायला मला सवड झाली नाही, कारण तेवढ्यात गिऱ्हाइकांची कुरकुर सुरू झाली. आमच्या ब्याडगीचा रंग उतरला, आमची मिरची दुसरीच्या डब्यात गेली, आमच्या चटणीत खोबरं कमी. पूर्वी बाई स्वतः बसायची, तेव्हा संशयाला जागाच नव्हती. ती जागा माझ्या चिठ्ठीनं तयार केली होती. आता ती भरायला मी दुसरं यंत्र शोधलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! कॅमेरे बसवायचे. उखळावर एक, चाळणीवर एक, म्हणजे गिऱ्हाइकाला घरबसल्या मोबाईलवर आपली चटणी कुटताना दिसेल. पुण्याला नोकरीला गेलेल्या सुना तिथून बघतील. कॅमेरेवाला माप घ्यायला आला होता, तू त्याला चहा दिलास आणि दारात उभी राहिलीस. "ह्यो माणूस त्यो पंखाबी बसवतो का, इचार की." मी त्या परक्या माणसासमोर तुला म्हणाले, "आई, आधी गिऱ्हाईक टिकायला पाहिजे. पंख्यानं एक तरी डबा जास्त येणार आहे का?" माणूस हसला. तू कपबशा घेऊन आत गेलीस. यंत्र घेताना मी एकच विचारायचे, गिऱ्हाइकाला काय दिसेल. त्या यंत्रापुढं दिवसभर कोण उभं राहणार आणि त्याचं काय होणार, हे शिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. पण ते शिकवायला कशाला लागतं गं? तू समोर उभी होतीस.

आणि मग तो वैशाखातला दिवस. तो मी कधी कुणाला सांगितलेला नाही. पुण्याहून एकीचा फोन आला, की कॅमेऱ्यात म्हातारी आमच्या चटणीवर खोकताना दिसली. तू खोकली होतीस खरी, पण मान वळवून, पदर तोंडाला लावून. मी तिची माफी मागितली. फोन ठेवला, आत आले आणि मुसळांच्या आवाजावर ओरडले, "आई, लोक बघतायत. कॅमेऱ्यासमोर खोकत जाऊ नकोस!" तू उलथनं हातात घेऊन माझ्याकडं बघतेस. तुझ्या पापण्यासुद्धा तांबड्या झाल्यात. तू म्हणतेस, "बरं." बरं! तुझ्या जागी मी असते तर उलथनं फेकून मारलं असतं. त्या दिवसापासून तू खोकला आला की उठून मोटरीच्या मागं जायचीस, जिथं कॅमेरा पोचत नव्हता. पुढं पुढं तू तो दाबायलाच शिकलीस. तुझे खांदे नुसते हलायचे, आवाज यायचा नाही. आणि मला वाटलं, बरं झालं, औषध लागू पडलं. घरी तू गुळवेल आणि आल्याचा काढा घेत होतीस ना, म्हणून.

पाऊस लागला, डंक बंद झाला, तरी खोकला राहिलाच. सांगलीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, काय काम करतात ह्या? मी सांगितलं. त्यांनी विचारलं, धूळ काढायची काही सोय नाही तिथं? मी खाली बघितलं आणि तू लगेच म्हणालीस, "डॉक्टर, आमच्यात सगळ्यांनाच खोकला असतोय. आमच्या आईलाबी व्हता." त्या अवस्थेतही तू माझी बाजू घेतलीस. पोळ्याच्या आधी तू गेलीस. शेवटचे आठ दिवस तुला बोलता येत नव्हतं, श्वासच पुरत नव्हता. मी पायाशी बसून असायचे आणि तू हातानं खूण करायचीस, जा, जेवून घे.

तुला वाटेल, त्यानंतर तरी मी पहिला पंखा बसवला असेल. नाही बसवला. कॅमेरे काढून टाकले, उखळापाशी बायका ठेवल्या, त्यांच्या पाळ्या लावल्या, नाकाला फडकी दिली. सगळं केलं, पंखा सोडून. लोक सुचवायचे, मी म्हणायचे, आपल्या खोलीत तो बसणार नाही, छत ठेंगणं आहे. छत काही ठेंगणं नव्हतं, काल माणसानं दोन तासांत बसवला. मला वाटायचं, तो बसवला की तू मागितला होतास हे डंकाच्या भिंतीवर लिहिल्यासारखं होईल. शेवटी गेल्या महिन्यात कामावरच्या दोघींतल्या धाकटीला ठसका लागला. ती उठून मोटरीच्या मागं गेली, तिच्याकडं बघायला कॅमेराही नव्हता, तरी गेली. मला तिचे नुसते खांदे दिसले. त्याच दिवशी मी पंख्यासाठी सांगलीला फोन केला.

आता दादाचं. तू गेलीस तेव्हा तो सीमेवर होता, तीन दिवसांनी पोचला. आता फौजेतून पेन्शन घेऊन आलाय, वस्तीवर राहतो, डाळिंबं करतो. तो इतक्या वर्षांत एकच प्रश्न विचारत आलाय. तुझ्या श्राद्धाला पानं उठली की तो माझ्याजवळ येऊन बसतो आणि म्हणतो, "आईनं कवाच कसं बोलून दाखवलं न्हाई गं? मला एक फोन केला असता तर मी सुट्टी काढून आलो असतो. माझ्याशीबी बोलली न्हाई." एवढा मोठा गडी, त्याचा आवाज फाटतो. आणि मी दरवेळी सांगते, आईचा स्वभावच तसा होता रे, तिनं कधी काही मागितलं नाही. सगळा गाव आता तेच म्हणतो. तुझं कौतुक म्हणून म्हणतात, की बाईनं तोंडातनं कधी ब्र काढला नाही. ते मी पसरवलंय. तू विट्याच्या स्टँडवर मागितलं होतंस, आणि कॅमेरेवाल्यासमोर परत मागितलं होतंस. साध्या, स्वच्छ शब्दांत मागितलं होतंस. तुझं ते मागणंसुद्धा मी तुझ्या तोंडातून काढून घेतलं आणि वर त्याला तुझा चांगुलपणा म्हटलं. आणि दादा नऊ वर्षं स्वतःला खातोय, की आईला आपल्याशी बोलावंसं वाटलं नाही.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "बरं केलंस पंखा बसवला. आईला असलं काय मिळतंय ह्येच ठावं नव्हतं बघ. ठावं असतं तर बोलली असती." सांगायची एवढी सरळ वाट पुन्हा मिळणार नव्हती. आणि मी म्हणाले, "व्हय."

रविवारी तो पंखा बघायला येतोय. हे पत्र खरं म्हणजे त्याच्या हातात द्यायला पाहिजे, तुला तर यातलं सगळं माहीतच आहे. तरी तुलाच लिहिलं. तू उलटून काही विचारणार नाहीस, म्हणून.