पालकानं स्वतः यावं

१८ जानेवारी १९५४, सोमवार
सकाळच्या पॅसेंजरने सिंदीहून वर्ध्याला आलो. वसतिगृहात ट्रंक टाकली, तास केले. टोपी काढली नाही. खोलीतला वासुदेव (आष्टीचा) चहा घेऊन आला, काही विचारलं नाही. माझ्या टोपीकडे पाहिलं, तेवढंच. इंग्रजी निबंधाच्या तासाला सरांनी हजेरी घेतली. माझ्या आधीच्याचं नाव घेतलं, नंतरच्याचं घेतलं. मी बाकावर होतो.

१९ जाने.
नियम वा.ने पुन्हा सांगितले. सरांनी टर्मच्या सुरुवातीला वाचून दाखवले होते, तेव्हा मी नीट ऐकले नाहीत, गरज नव्हती. आठवड्याला एक निबंध. तीन चुकले की नाव कटलं, परीक्षेला बसता येत नाही. घरी कुणी आजारी असेल तर तीन दिवस माफ. मयत असेल तर सगळं सुतक माफ.
माझे तीन चुकले. आणि मी जाताना अर्जात लिहिलं ते 'वडील आजारी'.
दुसरं काय लिहिणार होतो? काकाजींनी, बाबांच्या धाकट्या भावाने, कापसाच्या जिनातला माणूस पाठवला, तो म्हणाला, "मास्तरांची तब्येत जास्त हाये, निंगा." बाबांना गावात सगळे मास्तरच म्हणत. आमच्याकडे निरोप असाच येतो. खरं ते कोणी दुरून सांगत नाही. सिंदी स्टेशनवर काकाजी बोडक्या डोक्याने उभे दिसले तेव्हा कळलं. त्यांनी तोंडाने तेव्हाही सांगितलं नाही. पिशवी हातातून घेतली आणि पुढे चालू लागले.

२१ जाने., गुरु.
ऑफिसात गेलो. बाबूंना म्हटलं, अर्ज बदलायचा आहे, आजाराचा नव्हता.
"मंग कशाचा व्हता?"
मी टोपी खाली ओढली. त्यांनी टोपीखालून दिसणारं डोकं पाहिलं.
"टक्कल त कोनीबी करते, भाऊ. मांगच्या टर्मले एकानं आजी दोनदा मारली. दुसऱ्या खेपेले म्हातारी सोता फी भराले आलती." शेजारचे बाबू हसले. मग पहिले बाबू जरा मऊ होऊन म्हणाले, "मयतीचं असन त पालकानं सोता येऊन प्रिन्सिपॉलसाहेबाले सांगा लागते. नियमच हाये." रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं, बाबांचं पूर्ण नाव वाचलं. "हे तुमचे पालक नं? मंग त्याईलेच घेऊन या."
मी म्हटलं, "बरं."
बाहेर आलो तेव्हा काय बोललो ते कळलं. परत आत जाण्याची हिंमत झाली नाही.

२२ जाने.
झोप नाही. आता ऑफिसात बाबा येणार असं ठरलं आहे. खोटं कोणी बोललं नाही, तरी खोटं झालं. परीक्षेला बसणाऱ्यांची यादी ८ फेब्रुवारीला लागते.

२४ जाने.
वा. म्हणाला, "बुधवारी निबंधाच्या सरांकडे जाय नं. दुपारी बसतेत ते, ज्याले जमत नाई त्याच्यासाठी." त्या तासाला पोरं पांगळ्यांचा तास म्हणतात. कोणी जात नाही. गेला तर दुसऱ्या दिवशी काठी पाहिजे का विचारतात. मी म्हटलं पाहतो. वा. म्हणाला, "पाहून काय राह्यला? तुले काठी मीच आनून देतो."

२७ जाने., बुध.
गेलो. दारातच दोनदा मागे फिरलो. सर एकटेच होते, पेरू खात होते. म्हणाले, "ये. वडील बरे आहेत का आता?"
ते अर्ज वाचून विचारत होते. चांगल्या मनाने. मी दाराची कडी धरून उभा राहिलो. सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. "बोलता येत नसेल तर लिही. कोणत्याही भाषेत."
मराठीत लिहवेना. इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. इंग्रजीत हात अडला नाही, जणू दुसऱ्याच कोणाच्या घरचं आहे. त्याचीच भीती वाटली.
सरांनी वाचलं. चष्मा पुसला. सांत्वन वगैरे केलं नाही. म्हणाले, "रजा माझ्या हातात नाही, ती साहेबांच्या. पालकांना यावंच लागेल. निबंध माझ्या हातात आहेत. आज एक, पुढच्या बुधवारी दोन. इथेच बसून कच्चे लिही, मी पाहीन. रजा मंजूर झाली की ते धरले जातील." मग अर्धा पेरू दिला.

३ फेब्रु., बुध.
उरलेले दोन दिले. सरांनी लाल रेघा भरपूर मारल्या, पण घेतले. दुसरा एक मुलगाही आला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.
काकाजींना पत्र टाकलं होतं. उत्तर नाही.

६ फेब्रु., शनि., सिंदी
संध्याकाळी घरी आलो. काकाजी ओट्यावर होते. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जिनात कापूस मोजाले काटेवाला पाहिजे. शेटले तुहं नाव सांगून ठेवलं." मी म्हटलं, परीक्षा आहे.
"मंग दे नं परीक्षा. मी काय धरून ठेवलं तुले?"
"तुमाले सोमवारी यावं लागते. साहेबांना सांगाले."
"काय सांगाले?"
काकाजी एकदम चिडले. "त्या परक्या मानसापुढं उभं राहून म्हनू का मी? माहा थोरला भाऊ. तुले निरोप धाडतानी माह्या जिभेले येत नव्हतं. आता तिथं कसं येईन?"
मी त्यांना घाबरत आलो. आज पहिल्यांदा दिसलं, तेही कशालातरी घाबरतात.
आई आतून म्हणाली, "मी येते मंग."
"वहिनी, तुमाले आता कुठं घराबाहेर निंगता येते." भांड्यांचा आवाज थांबला.

७ फेब्रु., रवि.
दुपारी निघालो. काकाजी स्टेशनपर्यंत आले. गाडी हलताना म्हणाले, "उद्याच्या पॅसेंजरनं पाहू." येतो म्हणाले नाहीत. पाहू म्हणाले.
ते आले नाहीत तर उद्या साहेबांपुढे मलाच उभं राहावं लागेल. ऐकतील की नाही, कोण जाणे. नियम पालकांचा आहे. यादी दुपारी लागते.
खोलीत कोणी नव्हतं, वा. गावाकडे. दार लावलं आणि ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. माझे वडील, इथपर्यंत आलं. पुन्हा म्हटलं. तिथेच थांबलं. उद्या सकाळी आणखी एकदा.
रविवारी संध्याकाळी मेस बंद. स्टोव्ह पेटवला, मूठभर तांदूळ धुतले आणि भात टाकला. मीठ थोडं जास्त झालं. खाल्ला, पातेलं घासून पालथं घातलं.