पूजा होईपर्यंत उतरणारी कॉफी

६ जानेवारी, सोमवार

लग्नानंतरची पहिली सकाळ आठवली आज. परळीच्या या घरात तोवर फक्त चहाच होत असे. मी गुलबर्ग्याहून, आईनं दिलेला पितळी फिल्टर घेऊन आले होते. तो ओट्यावर ठेवला तर यांनी त्याचं आतलं भांडं उजेडात धरून विचारलं, "तळाला भोकं हायेत की याच्या. बदलून आणू का?" मी नवी होते, हसले नाही. पूड घातली, उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि यांच्या शेजारी इष्टलिंगाच्या पूजेला बसले. डाव्या तळहातावर लिंग, भस्म, बेलाचं पान. दोघांचं एकदमच. उठलो तेव्हा खालच्या भांड्यात काळीभोर कॉफी उतरलेली. कुणी हातही लावला नव्हता. हे झाकण उचलून बघतच राहिले. "आपण बसलो, अन् ती आपली आपण झाली?"

तेव्हापासून पूजा आणि कॉफी एकदमच संपायची. सोबत बसायचं, सोबत उठायचं.

आता कागद! दिवाळीनंतर माझ्या छातीत दुखलं. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तवाहिन्या चोंदल्यात, कोलेस्टेरॉल वाढलंय, गोळ्या घ्या, पथ्य पाळा, फेब्रुवारीत पुन्हा दाखवा. आमच्या लेकानं, रवीनं, पुण्यात बसून कुठंतरी वाचलं — धातूच्या फिल्टरमधून कॉफीचं तेल खाली उतरतं, ते वाईट. कागदात ते अडकतं. मग कुरिअरनं चिनी मातीचं एक नरसाळं आलं आणि पांढऱ्या कागदांचा डबा. एकदा वापरा, फेकून द्या.

मी म्हटलं, त्यापेक्षा कॉफीच सोडते. तर हे म्हणाले, "कॉफी सोडायची न्हाई. तोंड उतरतं तुझं."

त्या कागदाला सोडून हलता येत नाही. थोडं ओता, थांबा, पुन्हा थोडं ओता. माणूस उभा लागतो. ते उभं राहणं यांनी स्वतःकडे घेतलं आहे — जन्मात गॅस न पेटवलेल्या माणसानं! पूजेला मी एकटी. हे मागाहून करीन म्हणतात, आणि दुकानाला जायच्या घाईत ती राहूनच जाते.

७ जानेवारी, मंगळवार

कॉफी नव्हेच. कप विसळलेलं पाणी.

११ जानेवारी, शनिवार

अंगणातल्या तारेवर काहीतरी फडफडत होतं. जाऊन बघते तर वापरलेले कागद! धुऊन, चिमटे लावून वाळत घातलेले. वर थर्मल वीजकेंद्राची राख बसायला लागलेली, ती वेगळीच.

तेवढ्यात बसवेशभावजी आले. धाकटे दीर, शेजारीच राहतात. म्हणाले, "वैनी, कुणाच्या लेकराच्या टोप्या वाळू घातल्यात या?"

हे आतून ओरडले, "हात लावू नको बे. अजून चार-दोनदा चालत्यात त्या."

भावजी खुर्चीत बसून पोट धरून हसले. मग कपातलं चाखलं. "वैनी, खरं सांगू? आजारी तुमी, अन् अशक्तपणा कॉफीला आलाय."

मला हसू आलं नाही. एकदा वापरून फेकायची वस्तू या घरात कधी आली नव्हती. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये पेन्सिल बोटांत मावेनाशी झाल्याशिवाय सिस्टर नवी देत नसत. ते थोटूक हातावर ठेवून दाखवावं लागे. अजून माझ्या हातून दोऱ्याचा तुकडा फेकला जात नाही. हे धुऊन वाळवतात ते मला कळतं. राग कागदाचा आहे, यांचा नाही. पण समोर हे असतात.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

रवी, सून शिवांजली आणि नात ईश्वरी तिघंही व्हिडिओवर होते. तिळगूळ लांबूनच. ईश्वरीला आता माझ्या कुड्या हव्यात. "आजी, कॉलेजात घालीन." कुड्या आवडणारी नात निघाली, बरं वाटलं.

रवीला तार दिसली. "आई, अप्पा कागद धुतात? धुवायचा नसतो तो!"

"कावून?" हे म्हणाले. "फाटला का?"

"अप्पा, मी आणखी पाठवतो."

"नको. हायेत."

मग रवी मला म्हणाला, "आई, तू सांभाळून घे ना." मीच. नेहमी मीच. माझ्या छातीसाठी हे सगळं, आणि सांभाळूनही मीच घ्यायचं.

२० जानेवारी, सोमवार

धुतलेला कागद शेवटी फाटलाच. कपभर चोथा. पहिल्याच घोटाला दाताखाली कचकच लागली आणि माझा तोल गेला. म्हटलं, असं कागदातून गाळून जगायचं नाही मला. दोन घोट, पण कॉफीचे द्या.

यांनी माझ्या हातातला कप घेतला, चोथ्यासकट पिऊन टाकला आणि नवा कागद काढला.

मला आणखीच राग आला.

२७ जानेवारी, सोमवार

हे पहाटेच वडवणीला लग्नाला गेले. गाडी गल्लीबाहेर पडली तशी मी फिल्टर काढला. इथल्या खारट पाण्यानं भोकं बुजली होती. चिंचेच्या कोळात भिजवला, घासला, उजेडात धरला. सगळी भोकं मोकळी दिसली. पूड, पाणी, झाकण. पूजेला बसले.

उठले तर उतरली होती. तीच, काळीभोर. सगळं घर वासानं भरलं.

पण सवयीनं पूड दोघांची पडली होती. एक कप प्यायले. छान होती. दुसऱ्याकडे बघत बसले, मग ओतून टाकला. जिच्या हातून दोरा फेकला जात नाही, तिनं ती कॉफी मोरीत ओतली.

२८ जानेवारी, मंगळवार

काल आल्या आल्या हे दारातच थबकले, वास घेतला. आज सकाळी बघते तर फिल्टर जागेवर नाही! मोंढ्यातल्या आपल्या दुकानात नेऊन कपाटात ठेवलाय म्हणे. कुलूप लावून!

"माझ्या आईचा आहे तो."

"म्हून तर जपून ठेवलाय."

मग मी सगळंच काढलं. म्हटलं, रोज तुमची पूजा बुडते त्याचं काय? सासरे गेले त्या दिवशीही तुम्ही पूजा चुकवली नव्हती. एका कागदापायी रोज मला एकटीला बसवता.

हे पाणी ओतत होते. किटली खाली ठेवली. "पूजा उद्या बी करता येती."

"आणि उभं राहणं? गुडघे दुखतात तुमचे."

"हितनं तू दिसतीस."

"म्हणजे?"

"तू लिंगाकडं बघत असतीस. मी हितनं तुझ्या पाठीकडं बघतो. श्वास बरोबर चाललाय का, ते. शेजारी बसल्यावर दिसत न्हाई."

पुन्हा किटली उचलली आणि ओतायला लागले.

मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. राग मात्र गेला नाही. मला कुणी पाठीमागून पाहत राहावं असं नको आहे. शेजारी हवं आहे.

२९ जानेवारी, बुधवार

पूजेत लक्ष लागलं नाही. पाठ ताठ ठेवून बसले होते. श्वास मोठा घेत होते, त्यांना दिसावा म्हणून.

५ फेब्रुवारी, बुधवार

लातूरला जाऊन आलो. पथ्याचा उपयोग नाही. ऑपरेशन करावं लागेल, तेही लवकर. रवी पुण्याला घेऊन जाणार आहे.

म्हणजे एवढे दिवस ते पाणी उगीचच प्यायले!

येताना अंबाजोगाई मागे पडली. तेव्हा हे म्हणाले, "माझंच चुकलं. धुतलेला कागद वापरायला नको हुता."

मी म्हटलं, "कागदाचा काही संबंध नाही हो." पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. घरी आल्यावर तारेवरचे सगळे कागद काढले, चुरगळले, आणि जाळले.

१० फेब्रुवारी, सोमवार

बॅग भरून झाली. बसवेशभावजींना त्यांच्याकडच्या दुसऱ्या किल्लीनं दुकानातून फिल्टर आणायला सांगितलं होतं. कापडात गुंडाळून, पाठीमागे लपवून घेऊन आले. "वैनी, लौकर या पुण्याहून. न्हाईतर दादा तिकडं दवाखान्यात बी तारेवर कायबाय वाळू घालील." बोलून झाल्यावर मात्र भावजी लगेच वळले आणि फाटक न लावताच गेले.

संध्याकाळी यांना म्हटलं, उद्या निघण्याआधी शेजारी बसाल का पूजेला? कॉफी राहू दे.

"बसतो की," म्हणाले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बसले. गुडघ्याला गुडघा लावून बसले.

रवी-शिवांजली गाडी घेऊन यायचे आहेत. वाटेत शिवांजलीला सांगायचं ते, माझ्यामागं कुणाला काय द्यायचं, आधी इथं लिहून बघते. मोत्याच्या कुड्या ईश्वरीला. इरकली लुगडी शिवांजलीला. जांभळं तिला आवडतं. नरसाळं आणि उरलेले कागद रवीचे रवीला.

फिल्टर मात्र यांनाच. यांचं हृदय ठणठणीत आहे. भोकं बुजली तर चिंचेचा कोळ. पूड निम्मीच घालायची. हात सवयीनं दोघांची घालतो. उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं आणि पूजेला बसायचं. ओट्यापाशी उभं राहायचं नाही. तिथून दिसायला कुणी नसेल.

उठतील तेव्हा ती उतरलेली असेल.