चंद्र रोज त्याच वेळेला उगवत नाही

धाकटोबा,

झोप झाली असेल तर वाचा. डोळ्याची पट्टी निघाली म्हणून बाबांना काल चंद्र बघायचा होता. परवा पौर्णिमेला तो पावणेसातला उगवला, म्हणून कालही तीच वेळ ठोकून दिलीस? अरे, तो रोज पाऊणएक तास उशिरा येतो! महिन्याभराच्या वेळा मी फ्रिजवर चिकटवल्यात. वाचायला तुझे डोळे फुटले होते?

बाबा गच्चीवर अर्धा तास ताटकळून खाली आले. पंधरा मिनिटांनी चंद्र उगवला, तेव्हा तू मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला होतास.

त्यांना वाटतंय, ऑपरेशन फुकट गेलं. घड्याळं दुरुस्त करायची सगळी हत्यारं त्यांनी पेटीत भरलीत, शेजारच्या दुकानदाराला देऊन टाकायला. सकाळी मी समजवायला गेले तर म्हणाले, "उगाच माझं मन राखू नकोस."

आज चंद्र सव्वाआठला उगवेल. मी ड्यूटीवर आहे. पेटी घराबाहेर जाता कामा नये. आठला त्यांना वर ने आणि तोंडाला कुलूप लाव. "दिसला का?" विचारू नकोस, बोटही दाखवू नकोस. आधी त्यांना बोलू दे.

ताई