धोंडिबाच्या पायाची नाडी

भोर, ९ जानेवारी १९५९

विंझरच्या वरच्या वाडीतला मेंढपाळ धोंडिबा आज कुबडीशिवाय आला. पाय काळा पडतोय, कापूनच टाका, असं इथले डॉक्टर म्हणाले होते; आणि मीही दीडशहाणी, तेच त्याला बजावत होते. एका पायाने हा मेंढरांमागे कसा जाणार, हे सुचलंच नाही मला. मुंबईच्या सर्जनने त्याच्याच मांडीतली शीर काढून, तुंबलेल्या धमनीला वळसा घालून शिवली. तीही उलटी. उलटी का?

"शिरंतल्या झडपा रगत वरच जाऊ देत्यात, बाई. खाली न्यायचं तर उलटीच लावाय पायजे." जन्मभर शाळा चालवलेल्या मला तो शिकवत होता.

मी वाकून पावलावर बोटं ठेवली. पाऊल गरम होतं.

"बाई, तुमी माज्या पायाला हात लावताय व्हय?"

"गप. नाडी बघतेय."

नाडी केव्हाच सापडली होती.