काशीचे कॉलम आणि शरीफाचाचींचा स्लॅब

रत्नागिरी,
१९ नोव्हेंबर १९८९

तीर्थरूप मामांना काशीचा नमस्कार. मामींना वेगळा नमस्कार, कारण एकत्र केलेला त्या धरत नाहीत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून पायरीवर बसून खालच्या बिऱ्हाडाशी भांडायला लावतो, ते कळवावे. माझी तब्येत उत्तम आहे. (वजन जरा उतरलंय, पण ते एकटीपुरती आमटी करायचा कंटाळा येतो म्हणून. काळजीचं काही नाही.)

आपल्या गावची माणसं झाडून मुंबईला जातात आणि मी मुंबईत कॉम्प्युटर शिकून उलटी रत्नागिरीला आले, म्हणून तुम्ही निघताना हसला होतात. तर इथली हकिकत अशी. मिरजोळ्याचा आमचा कारखाना आंब्याचा रस डबाबंद करतो. कार्तिकात आंबा कुठला? त्यामुळे सध्या तिथे मी, हिशेबनीस महिपतराव, एक रखवालदार आणि कॉम्प्युटर. महिपतराव दिवसाकाठी दोन वाक्यं बोलतात, त्यातलं दुसरं "निघतो" हे असतं.

माझं काम बागायतदारांच्या तक्त्याचं. नाव, गाव, पेट्या, वजन असे त्यात कॉलम. जुन्या प्रोग्रॅममध्ये एका कॉलमची रुंदी वाढवायची तर जागोजागी हात घालावा लागे, आणि एखादी जागा विसरली की पेट्यांचा आकडा थेट गावाच्या नावात घुसे. आता पास्कल या कॉम्प्युटरच्या भाषेच्या नव्या आवृत्तीत ऑब्जेक्ट नावाची सोय आली आहे. मी प्रत्येक कॉलमचं एकेक ऑब्जेक्ट केलं. म्हणजे कॉलम हा आता नुसता रकाना राहिला नाही. आपलं नाव काय, रुंदी किती, आत कुणाला घ्यायचं, कुणाला दारातूनच परत पाठवायचं, हे ज्याचं त्याला ठाऊक. महिपतरावांनी वजनात "अंदाजे बरंच" असं टाईप केलं, तर वजनाच्या कॉलमनं ते घेतलंच नाही! मी उठून टाळ्या वाजवल्या. महिपतरावांनी उठून पंखा बंद केला. (का, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नसतं.)

हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. संध्याकाळी घरमालकीण शरीफाचाची अंगणात भेटल्या. त्यांचा मुलगा गुलाम रसूल बायकामुलांसकट मस्कतला असतो, आणि शेजारच्या मोकळ्या जागेत त्याचं नवं घर उठतंय. चाचींनी विचारलं, "तू कारखान्यात काय करतंस गो?" मी म्हटलं, "कॉलम करते. प्रत्येक कॉलम असा स्वतंत्र उभा करते, की एकाला हात लावला तरी बाकीचे हलत नाहीत."

चाची माझ्याकडे बघतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारून मला बांधकामावर नेलं, हातात चहा दिला आणि बाबल्या मिस्त्रीला म्हणाल्या, "ही कॉलमवाली. हिला इचारल्याबिगर पुढे जायचा नाय."

मामा, मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, कबूल. पण चहा गरम होता, आणि आल्यापासून मला कुणी नावानं हाक मारली नव्हती. मी जवळच्या खांबाला (बांधकामावर त्यालाही कॉलमच म्हणतात) हात लावला आणि "हं" म्हटलं. एवढ्यावर बाबल्यानं तो खांब पाडून पुन्हा उभा केला! मग रोज सकाळी हाक, रोज चहा, रोज एक "हं". पलीकडच्या ताजबीनं विहिरीचा कठडा दाखवायला नेलं आणि येताना वाटीभर तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं दिलं. रस्त्यानं जाताना माणसं विचारू लागली, "काय कॉलमवाल्या बाय, बरां मां?" इतकी माणसं माझ्याशी तुमच्याकडे परळलाही बोलत नव्हती.

मग स्लॅबचा आदला दिवस आला. चाची म्हणाल्या, "काशी हो बोलली तरच उद्या स्लॅब. वर माझी नातवंडं निजायची हायत." मला एकदम त्या खांबांवर निजलेली पोरं दिसली.

"चाची," मी म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही. माझे कॉलम कॉम्प्युटरच्या पडद्यावर असतात. त्यांच्यावर फक्त आंब्याच्या पेट्यांचे आकडे."

बाबल्यानं हातातलं घमेलं खाली ठेवलं.

"मग रोज सकाळी येऊन काय बघत होतंस?" चाचींनी विचारलं.

"काही नाही. चहा असायचा. तुम्ही दोघं असायचात."

स्लॅब थांबला. शहरातून खरा इंजिनीअर आणला. त्यानं ओळंबा लावला, ठोकून पाहिलं आणि म्हणाला, इतके दणकट खांब मी या आळीत पाहिले नाहीत. (माझ्या धास्तीनं बाबल्यानं सिमेंटला हात आखडला नव्हता.) स्लॅब ओतला, खजूर वाटले, मलाही मिळाले.

दुसऱ्या सकाळी मी केस विंचरून तयार बसले. हाक आली नाही. चाची रागावलेल्या नाहीत, दिसल्या की हसतात. पण मला बोलवायला आता कारण उरलं नाही, आणि विनाकारण जायला माझे पाय उचलत नाहीत. बाबल्या नाचणे गावात दुसऱ्या घराच्या कामावर गेला. मी कारखान्यात आणखी दोन कॉलम केले, तेही पहिल्या झटक्यात चालले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाकी सर्व क्षेम. मला इथे छान करमतं. उगाच येण्याची दगदग करू नका.

आपली भाची,
काशी

ता. क. : टपालवाला फाटकातूनच "कॉलमवाल्या बाय, तुमचां काय नाय" असं आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगतो. तेव्हा उत्तर उलट टपाली पाठवा. मामींनी निराळ्या पाकिटातून लिहावं.

पुन्हा ता. क. : लिहिण्यासारखं काही नसलं तर आत कोरे कागद घाला. पाकीट तेवढं जाड दिसू द्या.