येते म्हण

३ सप्टेंबर

पोचले! खोली चौथ्या मजल्यावर आहे. एक खिडकी, एक पलंग आणि एक कपाट. कपाटाचं दार उघडायचं तर आधी पलंगावर चढून बसावं लागतं. पण खोली माझी आहे. इथे कोणी मला ओला टॉवेल उचल म्हणणार नाही. घरमालकीण तळमजल्यावर राहते. किल्ली देताना तिने माझ्या पाठीवर थाप मारली आणि दुसरी किल्ली आपल्याकडेच असते असं सांगितलं. बाकीचं बोलणं अर्धंच कळलं, पण चांगलंच बोलली असणार.

ही वही आईने बॅगेत कोंबली आहे. पहिल्या पानावर तिच्या गोल अक्षरात लिहिलंय, 'रोज चार ओळी लिही, अक्षर सुधारेल.' बाईंनी तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं, पण पोटच्या पोरीचे कोंबडीचे पाय काही सरळ झाले नाहीत. तुझं अक्षर लाखात ओळखीन मी, असं म्हणते.

एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. निघताना भांडण झालं. आई म्हणाली, इथे काय कामं नव्हती, एकट्या आईला टाकून चाललीस. टाकून! माझं डोकं सणकलं. बॅग उचलली आणि म्हणाले, जाते. ती दारात आडवी आली. जाते म्हणू नये, येते म्हण. मी म्हटलं नाही. लिफ्ट येईपर्यंत ती मागून 'येते म्हण, येते म्हण' करत होती आणि मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. सुरुवात तिनेच केली होती.

५ सप्टेंबर

काम मस्त आहे. कंपनी आवाज बनवते. घरात एकटी राहणारी म्हातारी माणसं असतात, त्यांच्याशी गप्पा मारायला यंत्र असतं, त्याला आवाज लागतो. मराठीसाठी मी. छोटीशी खोली, भिंतींना स्पंज, समोर माइक आणि काचेपलीकडे साहेब. साहेब जेवतानाही हेडफोन काढत नाही, म्हणून मी त्याचं नाव ठेवलंय कानटोपी. फार सभ्य माणूस. म्हणाला, घरी फोन करायचा तर याच खोलीतून करत जा, इथे शांतता असते. केला. आई अजून फुगलेली होती, पण बोलली.

शेजारच्या टेबलावर एक जण बसतो. तोंडातून शब्द काढत नाही. काही हवं असलं की चिठ्ठी सरकवतो. शिष्ट मेला.

११ सप्टेंबर

रोज चारशे वाक्यं. घसा पार बसलाय, गरम पाण्याचाही उपयोग नाही. आज यादीत एक वाक्य आलं: 'आई, माझा निळा स्वेटर कुठे ठेवलास?' हे मी परवा आईला फोनवर विचारलं होतं. जसंच्या तसं. कानटोपीला विचारलं तर म्हणाला, असलं सगळ्याच घरांत बोलतात. तेही खरंच.

निघताना चिठ्ठीवाल्याने चिठ्ठी सरकवली. फोन बाहेरून कर, म्हणे. माझ्या फोनची पंचाईत याला कशाला? त्याच्या तोंडावर फाडली.

१६ सप्टेंबर

शेवटची यादी. एकच शब्द, साठ वेळा. येते. हसत म्हण, घाईत म्हण, जिना उतरताना म्हणतेस तसं म्हण, रडू दाबून म्हण. विसाव्यांदा म्हणताना मला राग यायला लागला, आणि कोणाचा ते कळेना. आईला एकदा म्हटलं नाही, आणि या स्पंजाच्या भिंतींना साठ वेळा! कानटोपी काचेआडून अंगठा उंचावत होता. संपलं तेव्हा घशातून जेमतेम घोगरा आवाज निघत होता.

१८ सप्टेंबर

आज फोन लावला आणि मी काही बोलायच्या आत आई सुरू झाली. काल किती गोड बोललीस गं, म्हणाली. काल मी फोन केलेलाच नाही. तासभर बोललीस, माफी मागितलीस, आणि ठेवताना येते म्हणालीस, किती बरं वाटलं म्हणून सांगू.

मी ओरडले, ती मी नव्हते. आवाज इतका फाटका निघाला की आई घाबरली. कोण बोलतंय, असं विचारून तिने फोन ठेवला.

माझी माफी! ती मी मागायची होती. मागितली असती. कोणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला?

१९ सप्टेंबर

कानटोपीच्या टेबलावर दोन्ही हात आपटले. तो शांत. करार काढून दाखवला. काम संपल्यावर आवाज कंपनीचा. खाली माझीच सही. मग म्हणाला, तुझी आई खूश आहे ना? मग तक्रार नक्की कोणाची?

तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी द्यायला तोंड उघडलं. नुसती हवा. घोगरा आवाजही नाही.

चिठ्ठीवाल्याने चिठ्ठी दिली. ही फाडली नाही. तीन वर्षांपूर्वी तो माझ्याच खुर्चीत होता. पुढे लिहिलं होतं, 'माझा घरी पोचला. मी बघायला गेलो होतो, खिडकीतून. घरचे सुखात आहेत.'

पोचला? आवाज पोचतो कसा?

२२ सप्टेंबर

मावशीचा मेसेज. गुरुवारी येतेयस म्हणे, ताईने आत्ताच सांगितलं!

मी लिहिलं, ती मी नाही, दार उघडू नका.

उत्तर आलं. पोरीने बजावलंच होतं, जुन्या नंबरावरून कोणीतरी माझ्या नावाने काहीबाही लिहील म्हणून. लाज नाही वाटत तुम्हाला?

मावशीने माझा नंबर ब्लॉक केला. आईनेही. लाज मला! तिकीट शनिवारचं मिळालं, त्याआधीचं नाही.

२६ सप्टेंबर

गुरुवार. घरमालकिणीच्या फोनवरून लावला. आईने उचलला. हॅलो, हॅलो करत राहिली. मी तोंड उघडलं — हवा.

मागे भांड्यांचा आवाज. मग मी. माझा आवाज, हसरा. कोण आहे गं आई?

कुणी नाही, राँग नंबर, आई म्हणाली.

आई, माझा निळा स्वेटर कुठे ठेवलास?

तो स्वेटर माझा आहे. आई माझी आहे. माझी —

२७ सप्टेंबर

आवाज गेला. पण हात आहे. अक्षर आहे. ही वहीच नेणार, दारात उभी राहून तिच्या हातात देणार. आई, वाच. हे कोंबडीचे पाय बघ. घरातली ती मी नाही, मी ही. चुकलं माझं. मी येते गं. येते. येते —

टकटक.

कानटोपी. दाराखालून कागद सरकवलाय. करार. दुसरं पान, जे मी वाचलंच नव्हतं — कंपनीचं काय काय: आवाज, आणि खाली लिहिलंय, हस्ताक्षर.

वही मागतोय. सभ्यपणे.

घरमालकिणीची चप्पल वाजतेय जिन्यावर. किल्ली. किल्ली फिरतेय —

मेले तरी देणार ना