निळ्या काचा

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा रक्ताची काच निळी! काष्टीच्या लॅबची दिवाळीपासूनची चौथी. झुंबरबाई, वय अडतीस, हिरड्यांतून रक्त, अंगभर काळेनिळे डाग — आणि काचेवर नुसता निळा चिखल. पेशी वाचताच येत नाहीत. 'नमुना अयोग्य, पुन्हा पाठवा' लिहून सही केली.

मला ज्या रक्ताच्या कॅन्सरची शंका आहे, तो आठवड्यात माणूस नेतो. आणि वेळेत ओळखला तर कॅप्सूलने बरा होतो! त्यासाठीच तर मुंबईची अठरा वर्षांची नोकरी सोडून नगरला आले. जिल्ह्यातल्या कुठल्याही गावचं रक्त, एका दिवसात निदान. चिखल बघायला नाही आले.

तिथल्या टेक्निशियनला, हनुमंतला, फोनवर चांगलंच झापलं. "काचा धुता तरी का?"

४ नोव्हेंबर

हनुमंतचा फोन. "पंकजा मॅडम, हितून निघताना माझी काच एक नंबर असती. तुमच्याकडं काय हुतं ते मला न्हाई म्हाईत." वर तोंड करून बोलतो! झुंबरबाई पुन्हा रक्त द्यायला येत नाही म्हणे. कांदे लावायला गेली. असल्या अंगाने!

उद्या मीच जाते. मायक्रोस्कोप घेऊन.

५ नोव्हेंबर

हनुमंतने माझ्यासमोर स्वतःच्या बोटाचं रक्त काचेवर ओढलं. काय सुरेख हात! इतकी एकसारखी काच ओढणारे मी आजवर दोनच पाहिलेत. मग त्याने नगरला जाणारा एसटी पार्सलचा डबा उघडला आणि माझे डोळे चुरचुरले. फॉर्मॅलिन! गाठींचे तुकडे त्यात बुडवून ठेवलेल्या बाटल्या आणि रक्ताच्या काचा एकाच डब्यात. त्या वाफेने काचा निळ्या पडतात, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलंय. आणि मलाच सुचलं नाही, कारण चूक त्याचीच असणार हे मी धरूनच चालले होते.

"हे एकत्र ठेवायला कुणी सांगितलं?" ओरडलेच मी.

त्याने भिंतीकडे बोट केलं. जूनचं परिपत्रक — 'नमुने हरवू नयेत म्हणून सर्व एकाच डब्यात पाठवावेत.' खाली माझी सही.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली.

मग दोघं झुंबरबाईच्या वावरात. "एकदा दिलंय की रगत!" म्हणाली. "बाई, चूक माझी आहे," मी म्हटलं. तिने हात पुसून बोट पुढे केलं. काष्टीच्याच लॅबमध्ये काच रंगवली. पेशीपेशीत सुयांच्या जुड्या. तोच कॅन्सर! कॅप्सूल बॅगेत आणल्याच होत्या. पहिली नगरच्या वाटेवर गाडीतच दिली.

६ नोव्हेंबर

परिपत्रक रद्द. जिल्ह्यातल्या चौदाही लॅबना स्वतः फोन केले.

१८ नोव्हेंबर

झुंबरबाईचं रक्त थांबलं. "माजं रोप कुनी लावलं?" म्हणून नवऱ्यावर खेकसत होती. वाचणार ही!

जूनपासूनचं रजिस्टर काढलं. निळ्या काचा एकतीस. त्यातल्या पंचवीस जणांनी पुन्हा रक्त पाठवलंच नाही, आणि मी विचारलं नाही. एकेकाला शोधणार. एकही सोडणार नाही.

२० नोव्हेंबर

चोवीस सापडले. सगळे हिंडते-फिरते. तरी सगळ्यांचं रक्त पुन्हा मागवलंय.

२१ नोव्हेंबर

पंचविसावे कृपादान. कोपरगावचे शिक्षक, वय एकेचाळीस. फोन त्यांच्या पत्नीने उचलला, साराने. "ते ऑगस्टमध्येच गेले, मॅडम. डेंग्यू असेल म्हणाले सगळे." मग म्हणाली, "तुमच्याकडे रक्त आलं होतं ना? काय निघालं त्यात?"

त्यांची काच काढून पुन्हा पाहिली. तासभर. काहीच वाचता येत नाही.

उद्या कोपरगावला जाते. काच माझ्याच परिपत्रकाने बिघडली, हे तिला फोनवर नाही, समोर बसून सांगायचं.